बावखल साफ करायचं तर पूर्वेच्या काठावर उभे राहा

वसईत जुन्या वाड्यांमधून बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, आहेत. आमचं पाच घरांत मिळून एक. पूर्वी त्यावर रहाट होता. केळी, पानवेल, भाजी सगळं त्याच गोड्या पाण्यावर. बोअर आल्या, रहाट गेला आणि बावखलाकडे कुणी फिरकेना. शेवटी पाणी दिसेनासं झालं, नुसती जलपर्णी. चार वर्षं आम्ही शेजारी मिळून ते राखतोय, त्यातून कळलेलं सांगतो.

आधी सातबारा काढा. बावखलावर हमखास दहा-बारा नावं निघतात, त्यातली तीन वारलेली आणि एक कॅनडात. जे आहेत त्यांना फोन करा. नाहीतर ऐन कामाच्या दिवशी "कोणाला विचारून हात लावलात?" म्हणत कुणीतरी उभं राहतं. आमच्याकडे एक काकाच आले. नात्यातले, भांडता येईना. चहा दिला, मग घरून कोयता तेच घेऊन आले.

काम एप्रिल-मेमध्ये, पाणी खाली गेल्यावर. आणि वेळ दुपारी चारनंतरची. पहिल्या वर्षी आम्ही शहाण्यासारखे सकाळी सातला जमलो, तर जलपर्णी सगळीकडे पसरलेली. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि तीच पूर्वेच्या काठाला आणून लावतो. अर्धं काम वाऱ्याचं.

उरलेलं दोराचं. काथ्याचा जाड दोर घ्या, तेलाचे रिकामे कॅन झाकण घट्ट लावून हात-दोन हातांवर बांधा. दोराखाली जुन्या जाळ्याचा हातभर पट्टा शिवा. तो नसेल तर झुडपं खालून निसटतात. दोन टोकं दोन काठांवर धरून दोघांनी सावकाश पूर्वेकडे चालायचं. घाई केली की दोर पानांवर चढतो. काठाशी दाताळं घेतलेली माणसं हवीत, आणि पाण्यात उतरायचंच असेल तर कमरेला दोरी बांधून. गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पायाला जखम असेल त्याने बाहेरच थांबावं, लेप्टोच्या तापाची भीती असते. पाणदिवड दिसली तर जाऊ द्या, ती विषारी नाही.

काढलेली जलपर्णी कुठे टाकता, यावर सगळं आहे. आम्ही काठावरच ढीग घातला, फोटो काढले, सुकेळी खाल्ली, घरी गेलो. जूनच्या पहिल्या सरींनी निम्मा ढीग परत पाण्यात. गणपतीला बावखल पुन्हा हिरवंगार! आता पंधरा पावलं लांब, उतार बावखलाकडे नसेल तिथे टाकतो. तिच्यात 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, वाळली की डोंगराची टोपलीभर होते. मग केळीच्या बुंध्याशी घालतो. फुलं यायच्या आत काढा. बी गाळात पडलं की वीस वर्षांपर्यंत रुजू शकतं.

गाळ काढताना जेसीबीवाल्याचं ऐकू नका. "आणखी पाच फूट घेऊ" म्हणतो. आपल्याकडे पावसाचं गोडं पाणी जमिनीत खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जुना तळ लागला की थांबायचं, नाहीतर मचूळ पाणी वर येतं आणि केळ बसते. काठ सिमेंटने बांधायचा मोहही नको. झरे बुजतात आणि बेडकांना वर येता येत नाही.

मग पाळी. आमच्या ग्रुपवर चाळीस जण, अंगठे सगळ्यांचे, येतात सहा. म्हणून काठच वाटून दिला. प्रत्येक घराला आपापला तुकडा, रविवारी अर्धा तास. मूठभर दिसली की मूठभर काढा. अनुकूल दिवसांत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. तरी एका कोपऱ्यात सारखी वाढायची. शोधलं तर मोरीच्या पाण्याचा पाइप तिथेच सुटलेला. घर कुणाचं ते लिहीत नाही, रोज तोंड बघायचंय. पाच घरांनी वर्गणी काढून शोषखड्डा करून दिला, तेव्हा तो कोपरा शांत झाला.

दोर माझ्या पडवीत टांगलेला असतो. आसपास कुणाला लागला तर न्या. परत आणताना वाळवून आणा, मागच्या वेळी जाळ्याला आठवडाभर वास येत होता.