लॉगिन केलेला वापरकर्ता नेमका कोण, हे वेब अ‍ॅपमध्ये कसं ओळखायचं

ब्राउझरमधून आलेला यूजर आयडी हा नुसता दावा असतो. तो यूआरएलमधून येवो, लपवलेल्या फॉर्म फील्डमधून येवो की लोकल स्टोरेजमधून. डेव्हलपर टूल्स उघडून 41 चा 42 कुणीही करू शकतं. म्हणून समोर कोण आहे याचा निकाल सर्व्हरनेच, प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने लावायचा.

पासवर्ड जुळला की सर्व्हरने क्रिप्टोग्राफिक रँडम जनरेटर वापरून निदान 128 बिटांचा सेशन आयडी, म्हणजे त्या लॉगिनची ओळख सांगणारी खूण, तयार करावा. वेळ किंवा यूजर आयडी यांवरून बनवलेला आयडी नको, त्याचा अंदाज बांधता येतो. सेशन टेबलात या आयडीचा हॅश (ज्यावरून मूळ आयडी परत काढता येत नाही असं त्याचं रूप), यूजर आयडी आणि मुदत ठेवा. लॉगिनच्या आधी चालू असलेला सेशन आयडी मात्र पुढे वापरू नका. हल्लेखोराने स्वतःला माहीत असलेला आयडी आधीच कुणाच्या ब्राउझरमध्ये घुसवला असेल, तर लॉगिन होताच ते खातं त्याच्याही हाती जातं.

आयडी कुकीतून पाठवा आणि तिच्यावर तीन खुणा लावा. एचटीटीपी-ओन्लीमुळे जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही, सिक्युअरमुळे ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते, आणि सेम-साइट लॅक्समुळे दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट रिक्वेस्टसोबत ती जात नाही. सेम-साइट नन ठेवावंच लागलं, तर सीएसआरएफ टोकनशिवाय (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली याची गुप्त खूण) पुढे जाऊ नका.

ओळख पटवण्याचं काम एकाच मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते त्या कोडमध्ये) करा: कुकी वाचा, सेशन शोधा, मुदत आणि खातं चालू आहे का ते तपासा, मग यूजर त्या रिक्वेस्टच्या ऑब्जेक्टवर ठेवा. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये कधीच नाही. एकट्याने टेस्ट करताना सगळं सुरळीत दिसतं. दोन जण एकदम आले की एकाला दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याचा डेटा दिसतो. ही चूक लॉगमध्येही सहज सापडत नाही.

फ्रंटएंडला नाव दाखवायचं असेल तर ‘मी कोण’ एवढंच सांगणारा एक एंडपॉइंट (सर्व्हरवरचा पत्ता) द्या. लॉगिन नसेल तर त्याने 401 हा स्टेटस कोड द्यावा. लॉगिन आहे पण परवानगी नाही, तिथे 403. ‘मी कोण’च्या उत्तरावर कॅश-कंट्रोल नो-स्टोअर हवंच, नाहीतर मधला कॅश एकाचं प्रोफाइल दुसऱ्याला देऊ शकतो. उत्तर येईपर्यंत स्क्रीनवर ‘माहीत नाही’ ही तिसरी अवस्था धरा, म्हणजे लॉगिन केलेल्यालाही क्षणभर लॉगिनचं पान दिसणार नाही.

जेडब्ल्यूटी (यूजरची माहिती असलेलं, सही केलेलं टोकन) वापरत असाल तर त्यातला मजकूर कुणालाही वाचता येतो हे गृहीत धरा. सही, मुदत, जारी करणारा आणि टोकन कुणासाठी आहे, हे चारही तपासा. अल्गोरिदम टोकन सांगेल तो नाही, तुम्ही ठरवाल तोच. ओपनआयडी कनेक्टमधून (दुसऱ्या सेवेच्या खात्याने) लॉगिन घेत असाल तर खातं जारीकर्ता आणि ‘सब’ (त्या सेवेने यूजरला दिलेला आयडी) या जोडीवर बांधा. ईमेल बदलतो, कधी दुसऱ्या माणसालाही मिळतो.

ऑफिसच्या अंतर्गत अ‍ॅपसाठी विंडोजचं यूजरनेम जावास्क्रिप्टने वाचायची वाट शोधू नका, आजचे ब्राउझर ते देत नाहीत. सर्व्हरवर कर्बेरॉस (विंडोजच्या लॉगिनवरूनच ओळख पटवणारी पद्धत) सुरू करा. हे काम पुढचा प्रॉक्सी (अ‍ॅपच्या पुढे बसलेला सर्व्हर) करून नाव हेडरमध्ये देत असेल, तर बाहेरून आलेलं त्याच नावाचं हेडर प्रॉक्सीने आधी काढून टाकलंच पाहिजे आणि अ‍ॅपपर्यंत थेट पोहोचण्याचा रस्ता बंद हवा.

लॉगआउट म्हणजे नुसती कुकी पुसणं नव्हे, सेशन टेबलातली नोंदही काढायची. तपासायला सोपं आहे: लॉगआउटआधी कुकी कॉपी करून ठेवा, लॉगआउट करा आणि तीच कुकी लावून ‘मी कोण’ला रिक्वेस्ट पाठवा. 401 ऐवजी नाव परत आलं, तर ती नोंद अजून जिवंत आहे.