स्टिअरिंगमधून आवाज येतो आहे? रॅक बदलण्यापूर्वी या चुका टाळा

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना प्रत्येक मोठ्या वळणावर माझ्या गाडीच्या पुढच्या भागातून ‘टण्’ असा आवाज येऊ लागला, आणि तो स्टिअरिंग फिरवतानाच येत असल्यामुळे दोष स्टिअरिंगचा असणार, असे मी गृहीत धरले. गॅरेजमध्येही रॅक, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा दातेरी दांडा, बदलण्याचाच सल्ला मिळाला. प्रत्यक्षात रॅक ठणठणीत होता. डाव्या सॉकअपचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडलेले असते, त्या माउंटिंगमधील बेअरिंग धूळ आणि गंजाने जाम झाले होते. स्टिअरिंग फिरवताना येणारा प्रत्येक आवाज स्टिअरिंगचाच असतो, असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचे चाक वळते तेव्हा त्याच्याबरोबर सॉकअप आणि त्यावरची स्प्रिंगही फिरते. वरचे बेअरिंग अडकले की स्प्रिंग फिरण्याऐवजी पिळली जाते आणि ताण असह्य झाला की झटक्याने सुटते; तोच तो ‘टण्’. याची खात्री घरच्या अंगणातही करता येते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन सुरू ठेवून एकाने स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून माउंटिंगच्या डोक्यावर बोटांची टोके टेकवावीत. जाम झालेल्या बाजूला बोटांना स्पष्ट धक्का जाणवतो, चांगल्या बाजूला जाणवत नाही. मात्र गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवावा, कारण पंखा आणि पट्टा तिथून वीतभर अंतरावर असतात. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये तर बोट मुळीच घालू नये.

दुसरी चूक म्हणजे आवाज नेमका केव्हा येतो, हे न पाहताच गाडी मेकॅनिकच्या हवाली करणे. गाडी उभी असतानाही येणारा आवाज बहुधा माउंटिंग, स्टिअरिंगचा दांडा, रॅक किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंप यांपैकी कशाचा तरी असतो. गाडी चालू असताना, पूर्ण वळणावरच ‘टक-टक-टक’ असा वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल तर अॅक्सलचा बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा जॉइंट पाहावा. त्याचे रबरी आवरण म्हणजेच बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले बहुधा दिसतेच. सरळ रस्त्यावर खड्ड्यात ‘खड्’ वाजत असेल, तर सस्पेन्शनमधील लिंक रॉड (जोडदांडे) आणि बुश (सांध्यांतील रबरी तुकडे) आधी तपासावेत.

आता तेलाविषयी, कारण सर्वाधिक घोळ येथेच होतो. पुष्कळशा नव्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते आणि तेलाची टाकीच नसते, तरीही ‘पॉवर स्टिअरिंगचे तेल बघा’ असे सांगणारे लोक भेटतात. अशा गाडीत उभ्या जागी स्टिअरिंग फिरवताना येणारी बारीक गुणगुण ही मोटरची असते आणि ती दोष नव्हे. तेलावर चालणारे पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत मात्र फिरवताना येणारा कण्हल्यासारखा आवाज बहुधा तेल कमी झाल्याचे किंवा त्यात हवा शिरल्याचे लक्षण असते. टाकीत फेस दिसला तर हवा आहे, असे समजावे. अशा वेळी नुसते तेल ओतत राहणे व्यर्थ आहे, कारण ही बंद यंत्रणा असल्याने तेल कमी झाले म्हणजे ते कुठेतरी गळतेच आहे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणे तर घातकच, कारण त्याने सील फुगून खराब होतात. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. स्टिअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. पंपावर ताण येतो आणि तेल तापते, आणि ज्या जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेथे ते आधीच पुरेसे तापलेले असते.

पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल मारून घेण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. आवाज दोन-चार दिवस बंद होतो खरा, परंतु बुश आणि बूट यांचे रबर त्याने मऊ पडून फुगते आणि मूळ दोष झाकला जातो.

हिवाळ्यात भरताच्या पार्टीसाठी शेतात जाऊन आलेल्या गाडीचे चाक खरखरू लागले, तर घाबरून काहीही उघडण्यापूर्वी ब्रेकच्या डिस्कमागील पत्र्यात खडा अडकला आहे का, ते टॉर्चने पाहावे. वाळलेली काळी माती रिमच्या आत घट्ट बसली तर स्टिअरिंग थरथरते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन्ही तक्रारी अनेकदा मिटतात.

खरखर स्टिअरिंगच्या चाकातूनच येत असेल, शिवाय हॉर्न अधूनमधून बंद पडत असेल आणि एअरबॅगचा दिवा लागत असेल, तर आतली गुंडाळीची वायर खराब झालेली असू शकते. तेथे एअरबॅग बसवलेली असल्यामुळे हे काम घरी करू नये.

रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा सांधा सैल असल्यास गाडी जमिनीवरच ठेवून स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवले असता त्या सांध्यावर ठेवलेल्या हाताला खेळ जाणवतो. तो बदलल्यावर अलाइनमेंट केलेच पाहिजे, अन्यथा नवे टायर एका कडेने झिजतात. हाच खेळ स्टिअरिंगच्या चाकातही जाणवू लागला असेल, तर गाडी घाटात न नेता टोचन करून गॅरेजपर्यंत न्यावी.