भातानंतर हरभरा: ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र खाचरात घालण्याआधी या चुका टाळा

भात कापून झालं की खाचरातली ओल फार दिवस थांबत नाही. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे वाल-हरभऱ्याची सगळी गडबड त्या थोड्या दिवसांत उरकायची असते. त्यामुळे भाड्याचं पेरणी यंत्र दारात आलं की तसंच शेतात घालायचा मोह होतो. पुढे उगवण विरळ झाली की बोल लागतो बियाण्याला. बियाणं बरेचदा निर्दोष असतं, घोळ यंत्र जोडताना झालेला असतो.

पहिलं काम टेप घेऊन फणांमधलं अंतर मोजायचं. भाड्याचं यंत्र बहुधा गव्हाच्या मापाला लावलेलं असतं, म्हणजे नऊ फण, साडेबावीस सेंटीमीटरवर. हरभऱ्याला 30 सेंटीमीटर हवेत. नऊ फणांत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 180 सेंटीमीटर भरतात, तेवढ्यातच 30 च्या अंतराने सात फण नेमके बसतात. दोन फण काढा, उरलेल्यांचे क्लॅम्प ढिले करून सरकवा. इथे हमखास होणारी चूक अशी की फण निघतात, पण बी-खताच्या पेटीतली त्यांची भोकं उघडीच राहतात. बियाण्याची बंद केली तरी खताची विसरतात आणि डीएपी रानावर वरवर सांडत जातं.

पेटी रिकामी दिसली म्हणजे साफ आहे असं नाही. आपल्याकडच्या दमट हवेत गेल्या हंगामाचं उरलेलं खत तळाशी घट्ट बसतं आणि बी-खत मोजून खाली सोडणाऱ्या रोलरच्या खाचांना गंज धरतो. हा रोलर साखळीने फिरवणारं यंत्राचं चाक उचलून हाताने फिरवून बघा. अडखळत असेल तर जोर लावू नका, साखळी तुटेल. खत खरवडून काढा, साखळीला तेल द्या. पेटीतून फणापर्यंत जाणाऱ्या नळ्या काढून उजेडाकडे धरा. यंत्र शेडमध्ये पडून असताना कुंभारमाशी नळीत मातीचं घर बांधते. बाहेरून काही कळत नाही, मग उगवणीच्या वेळी अख्खी एक ओळच गायब!

बियाण्याचं प्रमाण तक्ता बघून लावणं

पेटीच्या झाकणावर छापलेला तक्ता कुठल्या दाण्यावरून काढलाय ते त्या तक्त्यालाच ठाऊक. हरभऱ्याच्या ‘विजय’ वाणाचा दाणा मध्यम, त्याला हेक्टरी 65 ते 70 किलो लागतं. ‘दिग्विजय’चा टपोरा, त्याला 100 किलो. दोघांना बी कमी-जास्त करायची लिव्हर एकाच खुणेवर ठेवून कसं चालेल?

मोजणी अंगणातच करा. चाकाचा घेर सुतळीने मोजा. चाक 40 सेंटीमीटर व्यासाचं असेल तर घेर सुमारे 1.26 मीटर येतो. सात फण 30 सेंटीमीटरवर, म्हणजे पेरणीची रुंदी 2.1 मीटर. चाकाच्या एका फेरीत साधारण 2.65 चौरस मीटर पेरून होतं. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, तेव्हा 38 फेऱ्यांत गुंठा झाला. यंत्र उचलून खाली लाकडी ठोकळे द्या (नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका), प्रत्येक नळीला पिशवी बांधा आणि 38 फेऱ्या फिरवा. ‘विजय’ असेल तर प्रत्येक पिशवीत 100 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. पिशव्या वेगवेगळ्या तोला. सगळं एकत्र तोललं की एकूण बरोबर दिसतं आणि एका नळीतलं 60, दुसरीतलं 140 त्यात लपून जातं.

मोजणीला बीजप्रक्रिया केलेलंच बियाणं घ्या. आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम, मग सावलीत सुकवणं. ओलसर बियाणं पेटीत ओतलं तर ते रोलरच्या तोंडाशी अडकून राहतं. खाली रोलर फिरतोय, पण बी पडतच नाही.

शेतात गेल्यावर

वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) नसताना घाई करू नका. खाचराची माती ओली असली की चाकाला चिखल चिकटतो, ते घसरतं आणि जेवढं घसरेल तेवढं बी कमी पडतं. चाकाला खडूची खूण करून 10 फेऱ्यांचं अंतर मोजा. वरच्या हिशेबाने ते 12.6 मीटर यायला हवं. साडेतेरा आलं तर लिव्हर थोडी उघडा, किंवा सरळ एखादा दिवस थांबा.

पुढच्या रांगेतले फण खोल आणि मागचे वरवर जात असतील तर टॉप लिंक (यंत्राला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा) आखूड झालेली असते, ती लांबवा. डावी-उजवी बाजू खालीवर असेल तर लोअर लिंकला (खालच्या जोडदांड्याला) उचलून धरणाऱ्या दांड्याचा स्क्रू फिरवून यंत्र समतल करा. चार पावलं पेरून थांबा आणि बोटाने माती उकरून बघा: बी पाच-सात सेंटीमीटरवर, ओल्या मातीत बसलेलं हवं.

आता बांधाजवळचा घोटाळा. आपली खाचरं लहान, वळायला जागा नाही, म्हणून ड्रायव्हर फण जमिनीत असतानाच ट्रॅक्टर मागे घेतो. फणामागचं बी पडायचं तोंड मातीने बुजतं आणि पुढची अख्खी फेरी कोरडी जाते. यंत्र उचलल्याशिवाय रिव्हर्स नाही, आणि खाली सोडायचं तेही ट्रॅक्टर पुढे चालू झाल्यावरच, हे त्याला आधीच सांगून ठेवा. कोपरे सुटतात ते सुटू द्या. यंत्र गेलं की तिथे हाताने टोकण करता येते.