आजारी शेतकऱ्याचं मृत्युपत्र: कोकणात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

डॉक्टरांनी 'आता घरी घेऊन जा' म्हटलं की मग घरात मृत्युपत्राचा विषय निघतो. तोवर माणूस थकलेला, सही वाकडी, थोरला मुंबईला आणि हाताशी असलेला सातबारा कधीचा तरी जुना. घाईत केलेलं मृत्युपत्रही कायद्याने चालतं. पण काही गोष्टी चुकल्या तर बायकोच्या हाती नुसता कागद राहतो आणि बाग भाऊबंद खातात.

'माझी सर्व मिळकत पत्नीला' एवढंच लिहिणं

कोकणातल्या सातबाऱ्यावर एकट्याचं नाव क्वचित असतं. चार भाऊ, दोन चुलते, वारलेल्या आत्याचे वारस, सगळे एकाच खात्यात. वाटप झालेलं असतं ते तोंडी: गडग्याच्या (दगडी बांधाच्या) वरचं तुझं, खालचं माझं. कागदावर मात्र सगळं सामाईक. अशा जमिनीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. 'पश्चिमेकडची चाळीस आंबा कलमं पत्नीस' असं लिहिलं की भाऊ हरकत घेणारच. म्हणून दोन्ही लिहा: गाव, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, एकूण क्षेत्र, 'त्यापैकी माझा अविभक्त हिस्सा १/४', आणि पुढे 'तोंडी वाटपाप्रमाणे माझ्या वहिवाटीत असलेला भाग, त्यातील विहीर, पंप, मांगर (बागेतली खोप) आणि कलमांसह'. झाडं दुसऱ्याच्या जमिनीत असतील तर ती वेगळी नोंदवा.

वडिलोपार्जित म्हणजे काय, यातही गोंधळ असतो. एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर मुलांचा, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही, त्यात जन्मापासून हक्क आहे. तो बापाला मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. नवरा, बायको आणि दोन मुलं असतील तर त्याच्या हातात चौथा हिस्सा येतो, तेवढाच त्याने द्यावा. मात्र वडील १९५६ नंतर, म्हणजे हा कायदा आल्यावर, वारले आणि वाटा वारसाने आला, तर तो बहुधा स्वतंत्र मिळकत ठरतो. नुसता चालू सातबारा पाहून हे कळत नाही. जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) काढून वकिलाला दाखवा.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाची नोंद असेल किंवा जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल, तर ती बायकोमुलांना ठेवायला अडचण नाही. घराबाहेरच्याला देऊ नका. अशी जमीन परवानगीशिवाय मृत्युपत्राने परक्याला देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. आणि घराचा असेसमेंट उतारा हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

बायकोला नेमकं काय दिलं ते धूसर ठेवणं

सगळ्यात जास्त कोर्टबाजी इथूनच निघते. 'सर्व मालकी पत्नीस, तिच्यानंतर मुलग्यास' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण एकदा पूर्ण मालकी दिली की पुढची अट टिकत नाही. काय हवं ते आधी ठरवा. ती विकू शकणार असेल तर 'पूर्ण मालकी हक्काने' लिहा आणि तिथेच थांबा. फक्त हयातीपर्यंत द्यायचं असेल तर तिला विकण्याचा, गहाण टाकण्याचा अधिकार नाही हे स्पष्ट लिहा, आणि नंतर मालक कोण तेही. त्यातही पोटगीच्या बदल्यात दिलेला मर्यादित हक्क हिंदू विधवेच्या बाबतीत पूर्ण मालकीत बदलू शकतो, त्यामुळे हे कलम वकिलाकडूनच लिहून घ्या.

आमचं मत विचाराल तर मुलं लहान असताना बायकोला पूर्ण मालकी देणंच सोयीचं. हयातीचा हक्क द्यायचाच तर व्यवहाराच्या गोष्टी लिहा. आंब्याचा पैसा वर्षातून एकदा, मार्च ते मेमध्ये येतो. तांदूळ, औषधं आणि शाळेची फी बारा महिने लागते. बागेचा करार कोण करणार, पैसा कोणाच्या खात्यात येणार, मोहोराच्या फवारणीचा आणि राखणीचा खर्च कोण करणार, सोसायटीचं पीक कर्ज कशातून फिटणार? 'मुलगा आईला सांभाळील' याला काही अर्थ नाही. 'बागेच्या करारातून दरवर्षी अमुक रक्कम मे अखेर आईच्या खात्यात' याला आहे.

अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांच्या नावे थेट जमीन करणं

प्रेमापोटी होतं, पण गळ्याशी येतं. सातबाऱ्यावर 'अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई' लागतं, आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वाट्याची जमीन विकायला किंवा गहाण टाकायला न्यायालयाची परवानगी लागते. आजारपणाचं देणं फेडायला थोडी जमीन काढायची वेळ आली तरी तेच. काकाला पालक नेमायचाही उपयोग नाही: हिंदू कुटुंबात आई हयात असेपर्यंत बापाने नेमलेला पालक लागूच होत नाही.

सही, अंगठा आणि साक्षीदार

कायद्याला किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं (किंवा 'ही माझी सही' असं त्याने प्रत्येकाला सांगितलेलं असावं), आणि दोघांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. 'तू सकाळी कर, मी संध्याकाळी येऊन करतो' हा प्रकार माणूस झोपेत असताना झाला तर सगळं वाया. पुढे कोर्टात निदान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं, तेव्हा सत्तरीचे शेजारी किंवा गणपतीपुरता येणारा चाकरमानी नको. गावातच राहणारे, चाळिशीच्या आतले बघा. ज्याला वाटा मिळतो तो साक्षीदार नसावा. हिंदूंच्या मृत्युपत्रात त्यामुळे वाटा आपोआप रद्द होत नाही, ख्रिश्चनांच्या होतो. संशय मात्र दोन्हीकडे येतो.

हात धरून सही करवून घेऊ नका. डाव्या हाताचा अंगठा चालतो. शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' आणि नाव लिहा, आणि मजकूर वाचून दाखवला, समजला, हेही. डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नाही, तरी घ्या, आणि त्याच तारखेचा घ्या. गुंगीच्या औषधानंतरची वेळ टाळा. खाडाखोड झालीच तर तिथे त्याची आणि दोन्ही साक्षीदारांची सही हवी. एखाद्या मुलीला काही दिलं नसेल तर कारण एका ओळीत लिहा. कारण न देता वगळलेला वारस हा कोर्टाला खटकणारा पहिला मुद्दा असतो.

'स्टँप नाही, नोंदणी नाही, म्हणून राहिलं'

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद पुरतो. नोंदणीही सक्तीची नाही, पण केलेली बरी, आणि त्यासाठी माणसाला रिक्षात घालून तालुक्याला न्यायची गरज नाही. आजारपणाचं कारण देऊन दुय्यम निबंधकाकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो, अधिकारी घरी येतात. ते येईपर्यंत सही थांबवू नका.

बँकेतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनी पैसे घेतो तो वारसांच्या वतीने. खात्याला भाऊ नॉमिनी आणि मृत्युपत्रात बायको असेल तर आजच फॉर्म बदला.

कोकणी मुसलमान कुटुंबांना वेगळा नियम आहे: इतर वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही, आणि वारसालाच जादा देता येत नाही. बायकोसाठी तिथे हयातीतला हिबानामा (बक्षीसपत्र) किंवा मेहर यांचा विचार करावा लागतो.

नंतर कागद कपाटात ठेवणं

तेराव्यानंतर कोणीतरी तलाठ्याकडे वारस नोंद घालतं, सगळ्यांची नावं लागतात आणि मृत्युपत्र पाच वर्षांनी निघतं. जमीन महसूल कायद्यात कळवण्याची मुदत ३ महिने आहे. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत आणि अर्ज द्या, पोच घ्या. नोटीस निघाल्यावर १५ दिवसांत हरकत आली तर मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. निकाल विरुद्ध गेला तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) ६० दिवसांत अपील. भावांनी मृत्युपत्रच खोटं ठरवलं तर मालकीचा निर्णय महसूल खातं देत नाही. त्यासाठी दिवाणी दावा, आणि त्यात ते दोन साक्षीदार लागतात.