आन्ना राइसला पाहुणे नेताना

भारतातून कुणी आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्यांना आन्ना राइसला घेऊन जाते. मलेशियातल्या कुचिंग शहरात नऊ वर्षं काढली, त्या काळात माझ्या पाहुण्यांनी निम्म्या चुका आन्ना राइसलाच केल्या. पुढच्यांनी तरी करू नयेत, म्हणून हे लिहून ठेवते.

बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यात, कुचिंगच्या दक्षिणेला साधारण ६० किलोमीटरवर, पाडावानच्या डोंगरांत हे बिदायुह लोकांचं गाव. एकाला एक लागून घरं, पुढे सलग माची, सगळं खांबांवर उचललेलं. असलं लाँगहाउस फुटांत मोजत नाहीत, दारांत मोजतात. एक दार म्हणजे एक कुटुंब.

गाडी दिवसभरासाठीच ठरवा. ॲपवरून जाताना मिळते, परतताना डोंगरात कोण येणार? आठला निघालात तर वाटेत सेमेंग्गोच्या वन्यजीव केंद्रात नऊ वाजता ओरांगउटानांना खाऊ घालतात, ते बघून होतं. फळांचा हंगाम असेल तर त्यांची पोटं जंगलातच भरतात, मग ती फिरकत नाहीत. ड्रायव्हरवर चिडू नका.

चपलांचं मात्र मनावर घ्या. माचीची जमीन चिरलेल्या बांबूची. पाऊल टाकलं की खाली दबते, करकरते, आणि फटींतून खालच्या कोंबड्या दिसतात. अंगठ्याच्या चपलेचं टोक त्या फटीत हमखास अडकतं. मामेसासरे असेच गुडघ्यावर आले होते. मागून पट्टा असलेली सँडल घाला. पाऊस पडून गेला असेल तर बांबू शेवाळल्यासारखा निसरडा होतो, तेव्हा घाई नको. ही माची म्हणजे ‘आवाह’. तिच्यावर भात आणि मिरी वाळत असते. आपल्या गच्चीवरच्या कुरडयांवरून कुणी बूट घालून गेलं तर आजी काय म्हणाली असती ते आठवा आणि चटयांना वळसा घालून जा.

तिकीट काढलं की छोट्या पेल्यात तुआक पुढे येते. चिकट तांदूळ आणि किण्वाची (यीस्टची) वडी यांपासून घरी केलेली ही तांदळाची दारू गोडसर लागते, म्हणून फसायला होतं. पीत नसाल तर हात हलवून ‘नो, नो’ करू नका. पुढे केलेलं अन्नपाणी नाकारून निघालं की वाटेत अपघात होतो, साप चावतो अशी इथली समजूत आहे. मलायमध्ये तिला ‘कम्पुनान’ म्हणतात. त्यावर सोपा उपाय आहे. पेल्याला किंवा ताटाला बोट लावायचं आणि ओठांना टेकवायचं, की मान राखला गेला. सासूबाईंना हे गाडीतच सांगून ठेवलं होतं. त्यांनी बोट लावलं, ओठांना टेकवलं आणि सवयीनं तोच हात डोक्यावरून फिरवला, तीर्थ घेतल्यासारखा. पेला धरलेली आंटी इतकी खूश झाली की पुढचा तासभर ती त्यांच्याबरोबरच फिरत होती.

आता ज्याच्यासाठी जायचं ते ‘पांग्गाह’, गावाचं सामाईक घर. काही बिदायुह गावांत त्याला ‘बारुक’ म्हणतात आणि ते वेगळं, गोल, टोकदार छपराचं असतं. गावातली लग्नाची पोरं इथे झोपत, परगावचा पाहुणा इथे उतरे, शत्रूवर पहारा इथूनच. गावाचे निर्णय इथे, घंटा आणि ढोलही इथले. गडचिरोलीतलं माडियांचं गोटुल ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच ओळख पटेल. मधोमध चूल आणि वर टांगलेल्या, धुरानं काळ्या पडलेल्या माणसांच्या कवट्या.

पाहुणे इथेच बिघडतात. या कवट्या शत्रूंच्या. पण विधी करून आत घेतल्यावर शत्रू गावाचा राखणदार होतो, अशी जुनी श्रद्धा. त्यांना ऊब द्यायची, सणाला खाऊपिऊ घालायचं. १८४१ पासून ब्रूक घराण्याचे गोरे राजे इथे आले आणि त्यांच्या राजवटीत मुंडकी आणण्याची प्रथा मोडली गेली. आज बहुतेक बिदायुह ख्रिस्ती आहेत, रविवारी चर्चला जातात. तरी कवट्या जागच्या जागी आहेत. वेशीवरच्या म्हसोबाशी आपण तरी कुठे वाकडं घेतो?

म्हणून आत जाण्याआधी विचारा. आवाज खाली. हात लावायचा नाही, बोट दाखवायचं नाही, आणि कवटीशेजारी तोंड नेऊन सेल्फी तर मुळीच नाही. माझा आत्येभाऊ मोठ्यानं मोजायला लागला, “एक, दोन, तीन...” कोपऱ्यात बसलेले म्हातारबाबा काही बोलले नाहीत. उठले आणि बाहेर गेले. मला आजही ते आठवलं की कानकोंडं होतं. सासूबाईंनी मात्र हात जोडले आणि मला हळूच विचारलं, “इथे दिवा कोण लावतं गं?” देवघरात शिरल्यावर जो प्रश्न पडतो तो पडला, की बाकीचे नियम सांगावे लागत नाहीत.

जेवायला बहुधा बांबूच्या नळीत शिजवलेली कोंबडी असते. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच कळवा. भात आणि ‘मिदिन’ नावाच्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांची लसणावर परतलेली भाजी आरामात मिळते. डुकराची चरबी नको, हे वेगळं सांगावं लागतं. मुक्काम असेल तर बिस्किटं, साखर, कॉफी न्या, पण दारं मोजून. एका घरी दिलं आणि शेजारी राहिलं तर बरं दिसत नाही.

गर्दी आवडत असेल तर १ जूनला या. कापणीचा सण, गावाई. पूर्वी प्रत्येक गाव आपापल्या सोयीनं करायचं. १९६५ पासून सगळ्यांची तारीख एकच. त्या दिवशी तुआकच्या पेल्यांना अंत नसतो, बोट टेकवून टेकवून दमाल.

आणि हो, निघण्याआधी गावात फोन करा. कुणी वारलं असेल किंवा काही विधी चालू असेल तर लाँगहाउसच्या गावांत बाहेरच्यांना मनाई असते, ‘पांतांग’. वाटेवर पानांचा झुबका आडवा बांधलेला दिसला तर हॉर्न न वाजवता गाडी वळवा. जवळच गरम पाण्याचे झरे आहेत, पोरांना तिथे न्या.