केळं खावं की नाही, हे ठरवायचं कसं?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला केळ्याबद्दल कुणी शिकवायला जावं, हा गमतीचाच प्रकार. पण आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोमवारी निरोप आला, ‘केळं म्हणजे निव्वळ साखर, आजच बंद करा.’ शुक्रवारी दुसरा आला, ‘रोज दोन केळी खा, बीपी पळून जाईल.’ पाठवणारी मावशी एकच. तिला दोन्ही पटले होते, आणि खरं सांगायचं तर दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहेही. गोंधळ केळ्यात नव्हता, सल्ल्याची वाक्यं अर्धवट होती.

पायरी १ : सल्ल्याचं वाक्य पुरं करून घ्या

कुठलाही सल्ला आला की त्यात तीन गोष्टी शोधा: कुणासाठी, किती आणि कशाच्या जागी. ‘केळं चांगलं’ याला काहीच अर्थ नाही. ‘साखर नॉर्मल असलेल्या माणसाने चार वाजताच्या चहाबरोबर फरसाणाऐवजी एक केळं खावं’ हा सल्ला झाला. तेच केळं मधुमेह असलेल्याने पोटभर जेवणावर खाल्लं तर गोष्ट वेगळी. किडनी नीट काम करत नसेल तर आणखी वेगळी, कारण केळ्यातलं जे पोटॅशियम एरवी रक्तदाबाला मदत करतं, तेच अशा माणसाच्या रक्तात साठून धोक्याचं ठरू शकतं. ज्या निरोपात या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही, तो पुढे ढकलू नका. मावशीचा असला तरी.

पायरी २ : ‘कशाच्या जागी?’ यावर अडून बसा

तिघांतला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारत नाही. पोट एवढंच असतं. एक पदार्थ काढला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि तब्येतीचं बरंवाईट त्या दुसऱ्यावर ठरतं.

तुपाचंच बघा. तूप-लोण्यातली संपृक्त चरबी कमी करून तिथे शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन अशी तेलं आली, तर हृदयाला फायदा होतो. याला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. पण तीच जागा मैदा आणि साखरेने भरली तर फायदा जवळजवळ उरत नाही. आणि अनेक घरांत तूप गेलं तेव्हा त्या जागी वनस्पती तूप आलं होतं. त्यातली ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, हृदयाला तुपाहून वाईट. आपल्याकडे तेला-तुपातल्या अशा ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी २०२२ उजाडला. ‘तूप सोडा’ हे ऐकणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना निम्मंच वाक्य सांगितलं गेलं होतं.

आता ज्वारीकडे या. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून शहरातली मंडळी ज्वारीला औषधासारखी खायला लागली आहेत. आमच्याकडच्या म्हातारीला विचाराल तर म्हणेल, हाई काय नवं शे? मैद्याच्या पावाऐवजी भाकरी आली तर उत्तमच; १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. गव्हाच्या पोळीऐवजी आली तर फरक थोडा. आणि शेवभाजीच्या लाल तर्रीत चुरून चार भाकरी होत असतील, तर ज्वारीने तिथे फार काही केलेलं नाही. उलट ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळणं मात्र खरोखर हुशारीचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो, उडदात तो भरपूर असतो, म्हणजे एक दुसऱ्याची तूट भरून काढतं. ज्यांनी हे पीठ पहिल्यांदा दळलं त्यांना लायसिन हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं.

‘आजोबा डाळ-बट्टी खाऊन नव्वद वर्षं जगले’ हेही अर्धंच वाक्य. ते बट्टी रोज खात होते का? की लग्नकार्याला, सणावाराला? आणि उरलेले दिवस नांगरामागे किती चालत होते?

पायरी ३ : बातमीमागचा अभ्यास कुठल्या जातीचा आहे ते बघा

बहुतेक बातम्या निरीक्षणाच्या अभ्यासांवर उभ्या असतात. अमुक खाणारे लोक कमी आजारी पडले, एवढंच त्यात दिसतं. पण ते लोक व्यायामही जास्त करत असतील, खिशात पैसाही जास्त असेल. खाणं कारणीभूत होतं की नाही, हे त्यातून ठामपणे कळत नाही.

फिनलंडचं उदाहरण मी नेहमी देतो. बीटा-कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य) असलेल्या भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं निरीक्षणांतून दिसत होतं. मग २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर कमी झाला नाही, उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाण्याचं गोळीने होत नाही. म्हणून ‘अमुक फळाचा अर्क’ विकणाऱ्याला आधी विचारा, माणसांना तो देऊन पाहिला का, आणि कुणाच्या पैशाने.

टक्क्यांचंही तसंच. ‘धोका १८ टक्क्यांनी वाढला’ ऐकून छातीत धस्स होतं. मूळ धोका शंभरात पाच असेल तर तो सहाच्या जवळ गेला, एवढाच त्याचा अर्थ. दुर्लक्ष करावं असा नाही, पण रात्रभर जागावं असाही नाही.

पायरी ४ : तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण तिला फक्त पेन लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिली दूध-दही, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असं माप दिलंय. रोज काट्यावर मोजून कुणी जेवत नाही. पण डबा मोजता येतो.

चार मोठ्या माणसांचं घर, २७ ग्रॅमच्या हिशोबाने दिवसाला १०८ ग्रॅम. म्हणजे १५ किलोचा डबा साडेचार महिन्यांहून थोडा जास्त पुरला पाहिजे. फोडला त्या दिवशी वर तारीख लिहा. अडीच महिन्यांत तळ दिसला तर इंटरनेटवरचा कुठलाही लेख वाचायची गरज नाही, फोडणीची पळी बदला. (पाहुणे किती आले, कुरडया-पापड किती तळले, तेही मनाशी धरा. आणि कोणतं तेल चांगलं यावर भांडण्याआधी किती तेल ते बघा.)

मिठाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते. चार माणसांना किलोची पिशवी ५० दिवस. त्यात लोणचं, फरसाण, बाहेरचं खाणं धरलेलंच नाही, तेव्हा पिशवी त्याहून जास्त दिवस टिकायला हवी. मिठात जपायचं ते सोडियमला, आणि पापड-बिबड्यांतल्या पापडखारातही तेच असतं.

भाजीच्या ४०० ग्रॅमला मात्र आपल्याकडे हिवाळ्यात तोटा नसतो. हिरवी भरताची वांगी, वर कांद्याची पात, मेथी. फक्त भरतावर तेल ओतताना वरचा हिशोब आठवावा.

पायरी ५ : पाकीट उलटं करून वाचा

पुढे काय लिहिलंय ते जाहिरात असते. मागच्या यादीत जो घटक सगळ्यात जास्त, तो पहिला लिहिलेला असतो. ‘ज्वारीची बिस्किटं’ म्हणून घेतली आणि यादी मैद्याने सुरू झाली, तर समजून घ्या. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं.

पायरी ६ : एकच बदल करा, आणि थांबा

एकाच दिवशी साखर, भात, दूध, गहू सगळं बंद करणारा माणूस महिनाभरात सगळं परत सुरू करतो. शिवाय बरं वाटलं तर कशाने, तेही कळत नाही. तुमच्या घरात जे माप सगळ्यात जास्त चुकतंय, तेवढंच धरा. मधुमेहाची, बीपीची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, किडनीचा त्रास असेल तर बदलाआधी डॉक्टरांशी बोला. ‘कमी सोडियमचं मीठ’सुद्धा विचारूनच घ्या, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते, एचबीएवनसी. आधी एकदा करा, बदल केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा. तेलाच्या डब्यावर तारीख लिहिलेलीच आहे. त्याखाली ही दुसरीही लिहून ठेवा, म्हणजे विसरणार नाही.