बिअर पाँगचे नियम ठरवताना: पंचाला दिसेल तेवढंच लिहा

बिअर पाँगमध्ये दोन-दोन जणांचे संघ लांब टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून समोरच्यांच्या कपांत बॉल टाकतात; बॉल आत पडला की तो कप जातो आणि ज्यांचे सगळे कप आधी जातील ते हरतात. या खेळाच्या स्पर्धेत भांडण नेमावरून क्वचितच होतं. ते होतं 'कोपर पुढे आलं होतं', 'बॉल पाण्याला लागलाच नव्हता', 'आमचा एक री-रॅक (उरलेले कप नव्याने मांडून घ्यायची संधी) शिल्लक आहे' असल्या गोष्टींवरून. या खेळाचा जन्मच कॉलेजांतला. डार्टमथ कॉलेजात 1950-60च्या दशकांत तो पॅडलने, म्हणजे टेबल टेनिसच्या बॅटने खेळला जायचा, हाताने बॉल टाकायची पद्धत नंतर आली. सगळ्यांनी मानावी अशी एकच नियामक संस्था कधी नव्हती. 2006 साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात 'वर्ल्ड सिरीज ऑफ बिअर पाँग' सुरू झाली आणि स्पर्धेला छापील नियमावली आली खरी, पण नियमांच्या बाबतीत आजही घरोघरी निराळ्या चुली आहेत. चार ठिकाणचे संघ एका टेबलाशी आले की प्रत्येकाला आपल्या घरचा नियमच 'अधिकृत' वाटतो.

म्हणून नियम ठरवायला बसाल तेव्हा 'योग्य काय' हा काथ्याकूट थोडा बाजूला ठेवा. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारा: हे कोण बघणार, कुठे उभं राहून बघणार, आणि चूक झाली तर काय होणार? तिन्हींची उत्तरं दोन ओळींत मावत नसतील तर नियम कितीही न्याय्य वाटो, तो कागदावरच राहील.

याची तपासणी टेबलापाशीच करा. ज्याला नियम हवा त्याने तो लिहून आणायचा, तोंडी सूचना घ्यायची नाही. मग दोघांनी तो टेबलावर करून दाखवायचा. एकाने दहा वेळा बॉल टाकायचा आणि त्यातल्या काही फेकींत मुद्दाम नियम मोडायचा. कुठल्या फेकींत मोडला ते त्याने आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. दुसऱ्याने पंच म्हणून दहाही निर्णय द्यायचे, मग चिठ्ठी उघडायची. दोनपेक्षा जास्त निर्णय चुकले तर नियम बाद. बैठकीत तासभर शब्दाचा कीस पाडण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची.

आधी टेबल, मग वाद

निम्मे वाद साहित्य नीट ठरवलं की उद्भवतच नाहीत. स्पर्धेचं टेबल 8 फूट बाय 2 फूट, म्हणजे साधारण 244 बाय 61 सेंटिमीटर. उंची सुमारे 70 सेंटिमीटर. बॉल टेबल टेनिसचा: 40 मिलिमीटर व्यास, 2.7 ग्रॅम वजन. जुना 38 मिलिमीटरचा बॉल कुणाच्या पिशवीतून निघाला तर तो खेळात घेऊ नका. दोन्ही बाजूंचे बॉल यजमानांनीच द्यावेत.

कपात बिअर नको, पाणी घाला. बॉल जमिनीवर लोळून येतो हे एक कारण. दुसरं कारण न्यायाचं: कप गमावेल त्याने प्यायचं असं ठरलं, तर मागे पडलेल्या संघाचा हात आणखी ढिला होत जातो. ज्याला प्यायचं आहे त्याने कायद्याचं वय पाळून, आपल्या वेगळ्या ग्लासातून प्यावं. कुणी किती प्यायचं हे नियमावलीत येऊच देऊ नका.

पाणी प्रत्येक कपात सारखं हवं. सुमारे अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक कपात 150 ते 200 मिलिलिटर पुरतं. एका कपात मापून ओता, पातळीवर बाहेरून मार्करची रेघ मारा आणि बाकीच्या कपांवर तीच उंची उतरवा. पाणी कमी पडलं तर बॉल काठावर आपटताच कप सरकतो किंवा कलंडतो. शिवाय पाण्याच्या वर कपाची भिंत जास्त उरते, त्यामुळे बॉल आत गरगरत राहतो आणि 'पडला की नाही' हा वाद तिथेच जन्माला येतो. बॉल धुण्याच्या कपातलं पाणी प्रत्येक सामन्याला बदला. पंखे आणि एसीचे झोत बंद करा. ते जमत नसेल तर निदान मालिकेत बाजू बदला, कारण 2.7 ग्रॅमच्या बॉलला एवढा वाराही पुरतो.

रॅकचा, म्हणजे कपांच्या त्रिकोणी मांडणीचा साचा टेबलावर आखून ठेवा. इथे हमखास चूक होते. कपाचा काठ साधारण साडेनऊ सेंटिमीटर रुंद असतो, पण बूड बरंच लहान. लोक बुडाभोवती वर्तुळं काढतात आणि ती एकमेकांना चिकटवून आखतात. मग कप ठेवायला गेलं की काठ काठाला भिडतो आणि एकही कप आपल्या वर्तुळात बसत नाही. बुडाच्या वर्तुळांच्या मध्यबिंदूंत काठाच्या रुंदीएवढं, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर अंतर ठेवा. असा दहा कपांचा त्रिकोण पायाला 38 आणि टोकापर्यंत सुमारे 34 सेंटिमीटर भरतो. मागच्या रांगेपासून टेबलाच्या कडेपर्यंतचं अंतरही आकडा लिहून ठरवा. 3 सेंटिमीटर ठेवा की 5, दोन्ही टोकांना सारखं असलं म्हणजे झालं.

कोपराचा नियम

सगळ्यात जास्त भांडणं याच नियमाची आणि सगळ्यात कमी अंमलबजावणीही याचीच. फेकताना कोपर टेबलाच्या कडेपुढे जाता कामा नये, असा हा नियम. ऐकायला रास्त आहे. उंच खेळाडूने अर्ध्या टेबलावर ओणवं होऊन कपात बॉल ठेवल्यासारखा टाकू नये, एवढाच त्याचा हेतू.

आता पंच कुठे उभा राहील ते बघा. कडेच्या अगदी सरळ रेषेत, बाजूला, डोळे कोपराच्या उंचीवर. तो एक पाऊल मागे सरकला तरी कोपर आणि कड यांचं नातं त्याला चुकीचं दिसतं. समोरच्या संघाला तर ते दिसणं शक्यच नाही, कारण तो समोरून बघतोय आणि समोरून खोली कळत नाही. म्हणजे दोन्ही टोकांना मिळून प्रत्येक टेबलाला दोन रेषापंच हवेत. सोळा संघांची पहिली फेरी आठ टेबलांवर लावली तर नुसत्या कोपरांसाठी सोळा माणसं लागतील.

दुसरी अडचण वेळेची. बॉल हातातून सुटल्यावर हात पुढे जातोच. बघणाऱ्याचं लक्ष वेधलं जातं तोवर बॉल सुटलेला असतो आणि डोळ्यात भरतं ते नंतरचं पुढे आलेलं कोपर. तिसरी अडचण माणसाच्या स्वभावाची: तक्रार फक्त कप गेल्यावर होते. चुकलेल्या फेकीत कोपर कुठे होतं, याची चौकशी कुणी करत नाही.

मनगटाचा नियम (फेकताना मनगट कडेपुढे नको) याहून वाईट, कारण फेकीत मनगट कोपरापेक्षा वेगाने हलतं.

आमचा कौल पावलांच्या नियमाला. टेबलाच्या कडेच्या बरोबर खाली जमिनीवर चिकटपट्टी लावा. फेकताना दोन्ही पावलं पट्टीच्या मागे हवीत आणि शरीराचा कुठलाही भाग टेबलाला टेकता कामा नये. टेकलं की कपांतलं पाणी हलतं, दोन्ही संघांना ते दिसतं आणि वाद घालायला जागा राहत नाही. यात उंच खेळाडूला फायदा होतो का? होतो. पण हाताचा आधार नसेल तर माणूस फार ओणवा होऊ शकत नाही, झाला तर तोल आणि नेम दोन्ही जातात. उरलेला फायदा उंचीचा, तो बाकीच्या खेळांतही असतोच.

तरीही कोपराचाच नियम हवा असा हट्ट असेल तर निदान एक अट घाला: रेषापंचाने हात वर करायचा तो बॉल हवेत असतानाच. बॉल पडल्यावर वर झालेला हात धरायचा नाही. बॉल कपात जाणार की नाही हे कळायच्या आतच निर्णय झाला की पक्षपाताला वाव उरत नाही. आणि बॉल चुकला तरी ती चूक नोंदवायची.

बॉल आत पडला कधी?

आत गरगरणारा बॉल फुंकर मारून किंवा बोटाने उडवून काढायची मुभा घरगुती खेळात सर्रास असते. काही ठिकाणी तर बाईने फुंकायचं आणि पुरुषाने बोट घालायचं, अशी वाटणीही करतात. स्पर्धेत दोन्ही बंद करा. बॉल पाण्याला टेकला होता का, हे फक्त कपावर वाकलेल्याला दिसतं आणि तोच बचाव करणारा असतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बॉल काठाखाली गेला आणि आपणहून बाहेर आला नाही तर कप गेला, एवढंच लिहा.

टप्पा पडून आलेल्या बॉलला दोन कप द्यायचे आणि बचाव करणाऱ्याला तो हाताने मारू द्यायचा, हे गमतीपुरतं ठीक. त्या फटक्यात शेजारचे कप पडतात आणि मग हात टप्प्याआधी लागला की नंतर, यावर सामना अडतो. टप्प्याचा कप एकच मोजा आणि बॉल कपांपासून दूर जाईपर्यंत बचावाचे हात टेबलाबाहेर ठेवा. स्वतःचा कप स्वतःच्याच हाताने पडला तर तो गेला. फेकलेल्या बॉलने पडला आणि बॉल आत नव्हता तर परत उभा करा.

लक्ष विचलित करण्याबाबत एकच रेघ ओढा: आवाज चालेल, हावभाव चालतील, पण आपल्या बाजूच्या कडेपुढे हात किंवा वस्तू नको आणि वारा घालणं नको. बोलण्यात सभ्य काय नि असभ्य काय, याची यादी करत बसलात तर ती संपायची नाही. शिवीगाळीला शिस्तीचा वेगळा नियम लावा.

री-रॅक

मागणीवर मिळणारे री-रॅक नकोत. कुणी किती वापरले याचा हिशेब कुणीच ठेवत नाही आणि 'डायमंड' म्हणजे नेमका कुठला आकार, यावर चार मतं पडतात. 6, 3 आणि 1 कप उरले की आपोआप मांडणी बदलेल असं लिहा. पण एवढ्यावर थांबू नका. सहाचा त्रिकोण त्याच मागच्या रेषेवर ठेवला तर त्याचं टोक दहाच्या टोकापेक्षा सुमारे 8 सेंटिमीटर मागे जातं. तीनचा आणखी तेवढाच. शेवटचा कप कुठल्या रांगेत ठेवायचा, यावरही मागे-पुढे तब्बल 25 सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. जागा ठरवा आणि साच्यावर वेगळ्या रंगाने खूण करा. एकाच पाळीत 7 वरून 5 वर आले तर काय? तर सहाचा टप्पा हुकला, पाच आहेत तसेच राहतील. हेही लिहूनच ठेवा.

पाळी, आणि शेवटची संधी

सुरुवात नाणेफेकीने करा. डोळ्यात डोळे घालून एकाच वेळी बॉल टाकायची पद्धत दिसायला झकास, पण कोण खाली बघत होतं हे कसं ठरवणार? जो संघ सुरू करेल त्याला पहिल्या पाळीत एकच बॉल द्या, म्हणजे आधी खेळण्याचा फायदा बराच कमी होतो. दोघांचेही बॉल आत गेले तर दोन्ही बॉल परत. मात्र पहिला कप लगेच उचलायचा की दुसरी फेक होईपर्यंत ठेवायचा, ते आधीच ठरवा. लगेच उचलला तर 'एकाच कपात दोन बॉल' हा प्रकारच घडत नाही. स्पर्धेसाठी लगेच उचलणं बरं. पाळीला 30 सेकंद, दोन्ही बॉल हाती आल्यापासून.

शेवटचा कप गेल्यावर हरणाऱ्या संघाला मिळणारी संधी, म्हणजे रिबटल, हा आकड्यांचा मामला आहे, पण त्यावर वाद मात्र भावनेने घातला जातो. समजा खेळाडू निम्म्या वेळा नेम साधतो आणि समोर तीन कप उरलेत. 'एकाने चुकेपर्यंत टाकायचं' असा नियम असेल तर तिन्ही जाण्याची शक्यता आठात एक, म्हणजे 12.5 टक्के. 'दोघांनी प्रत्येकी चुकेपर्यंत टाकायचं' असेल तर दोन चुका व्हायच्या आत तीन कप जायला हवेत. ती शक्यता सोळात पाच, म्हणजे 31 टक्क्यांच्या वर. कागदावर दोन शब्दांचा फरक, टेबलावर अडीच पट. आमच्या मते दुसरा प्रकार जिंकणाऱ्यावर अन्याय करतो. तीनपेक्षा जास्त कप उरले असतील तर रिबटल नको, तीन किंवा कमी असतील तर एकाच खेळाडूने चुकेपर्यंत टाकावं. बरोबरी झाली की तीन-तीन कपांचा जादा डाव आणि सुरुवात पुन्हा नाणेफेकीने.

दंड, आणि कुणीच पाहिलं नाही तर

दंड पायरीपायरीने वाढवा. पहिल्या चुकीला ताकीद. दुसऱ्या चुकीला ती फेक रद्द, आत गेली असली तरी. तिसऱ्या चुकीला दोषी संघाचा एक कप जातो. चौथ्या चुकीला सामना. ताकीद संघाच्या नावावर लिहायची, खेळाडूच्या नाही, नाहीतर दोघे जण चुका वाटून घेतात.

सर्वात मोठी पळवाट मात्र 'शंका असेल तर परत टाका' या वाक्यात आहे. तोट्यात असलेला संघ मग प्रत्येक चांगल्या फेकीवर शंका घेतो, कारण त्यात त्याचं काहीच जात नाही. त्याऐवजी पंचाने पाहिलं नसेल तर टेबलावर जे दिसतंय तेच कायम धरा: बॉल कपात असेल तर कप गेला, बाहेर असेल तर नाही. तक्रार पुढची फेक होण्याआधीच करायची. आणि प्रत्येक संघाला सामन्यात दोनच तक्रारी. मान्य झालेली तक्रार मोजायची नाही.

नियमावली एका पानात बसवा, मोठ्या अक्षरात छापा आणि प्रत्येक टेबलाला एक प्रत चिकटवा. नियमात नसलेला प्रसंग आला तर मुख्य पंच तिथल्या तिथे निर्णय देईल, तो वहीत लिहील आणि त्या दिवशी उरलेल्या सगळ्या सामन्यांना तोच लागू राहील. पानावरचा मजकूर मात्र स्पर्धा संपेपर्यंत बदलायचा नाही, चूक सापडली तरीही.